सैन्य नाही म्हणून शत्रू नाहीत? कोस्टा रिकाविषयीच्या एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशाविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय मात्र तोच राहतो. या चिमुकल्या देशाने १९४८ मध्ये सैन्य बरखास्त केले, तेव्हापासून त्याच्यावर कोणी चाल करून आले नाही, शेजाऱ्यांशी त्याचे भांडण नाही, तो कोणत्याही महासत्तेच्या गोटात नाही, सैन्यावरचा सगळा पैसा शाळांकडे वळला आणि म्हणून ज्याला शांतता हवी त्याने शस्त्रे टाकावीत, असे त्यात सांगितलेले असते. कोस्टा रिकाविषयी मला मनापासून आदर आहे आणि नेमक्या त्याच कारणासाठी हा मजकूर मला खटकतो. विदर्भाच्या जेमतेम निम्म्या आकाराच्या आणि पन्नास लाखांच्या आसपास वस्तीच्या या देशाने पाऊणशे वर्षे जे परराष्ट्र धोरण चिकाटीने राबवले, ते सगळे या मजकुरात पुसले जाते आणि मागे फक्त एक चमत्कार उरतो.

पहिला मुद्दा आक्रमणाचा. १९४८ च्या वसंतात झालेल्या चव्वेचाळीस दिवसांच्या यादवीत बंडखोर नेते होसे फिगेरेस यांचा पक्ष जिंकला आणि १ डिसेंबर १९४८ रोजी त्यांनी राजधानी सान होसे येथील बेयाविस्ता या लष्करी ठाण्याच्या भिंतीवर हातोडा मारून सैन्य संपल्याचे जाहीर केले. त्या ठाण्यात आज राष्ट्रीय संग्रहालय आहे. इथवरची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पुढची सहसा कोणी सांगत नाही. त्या समारंभाला पुरते दोन आठवडेही झाले नव्हते, तोच यादवीत हरलेले माजी अध्यक्ष काल्देरोन यांच्या समर्थकांची सशस्त्र तुकडी शेजारच्या निकाराग्वाच्या हद्दीतून कोस्टा रिकात घुसली, आणि तिच्या पाठीशी निकाराग्वाचे हुकूमशहा सोमोसा होते. म्हणजे ज्या महिन्यात सैन्य गेले त्याच महिन्यात आक्रमण आले.

देश वाचला तो एका कराराच्या आधाराने. अमेरिका खंडांतील एका राष्ट्रावरील हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानणारा रिओ करार १९४७ मध्ये झाला होता आणि तो अमलात आला ३ डिसेंबर १९४८ रोजी, हातोड्याच्या घावानंतर अवघ्या दोन दिवसांनी. कोस्टा रिकाने तातडीने या कराराचा आधार घेत अमेरिका खंडांतील देशांच्या संघटनेकडे, म्हणजे ओएएसकडे, तक्रार नोंदवली, संघटनेने चौकशी समिती धाडली आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये दोन्ही देशांत मैत्री करार झाला. जानेवारी १९५५ मध्ये निकाराग्वाच्याच बाजूने पुन्हा घुसखोरी झाली, या वेळी विमानांसह. तेव्हा ओएएसच्या सांगण्यावरून अमेरिकेने कोस्टा रिकाला चार मस्टँग लढाऊ विमाने प्रत्येकी एक डॉलर किमतीला विकली. सैन्य नसलेल्या देशाने ती विकत घेतली आणि वापरली, ही गोष्ट फिरत्या मजकुरात कुठेच येत नाही.

इथे एक बाब प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. या भांडणात कोस्टा रिका पूर्णपणे निरपराध नव्हता. फिगेरेस यांनी शेजारच्या हुकूमशहांना उलथवू पाहणाऱ्या निर्वासितांना आसरा दिला होता आणि सोमोसांची तक्रार अगदीच निराधार नव्हती.

दुसरा मुद्दा शेजाऱ्यांशी भांडण नसण्याचा, आणि इथे थोडे थांबायला हवे, कारण या देशाचे खरे कौशल्य इथेच दिसते. निकाराग्वा सरोवरातून निघून कॅरिबियन समुद्राला मिळणारी सान हुआन नदी खालच्या टप्प्यात दोन देशांची सीमा आहे. १८५८ च्या करारानुसार सगळे पात्र निकाराग्वाच्या मालकीचे आहे, सीमा कोस्टा रिकाच्या काठाला लागून जाते, मात्र कोस्टा रिकाला व्यापारासाठी त्या पाण्यातून नावा नेण्याचा कायमचा हक्क आहे. एकाच्या मालकीचे पाणी आणि दुसऱ्याचा वहिवाटीचा हक्क असा मामला असल्यावर भांडण पिढ्यान् पिढ्या चालते, हे बांधावरच्या वादांत वाढलेल्या मराठी माणसाला वेगळे समजावून सांगायला नको. १८८८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी लवाद म्हणून निवाडा दिला, तरी वाद मिटला नाही. १९९८ मध्ये निकाराग्वाने कोस्टा रिकाच्या सशस्त्र पोलिसांच्या नावांना मज्जाव केला आणि अखेर २००५ मध्ये कोस्टा रिका द हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला.

तिथे खटल्याचा बराचसा भार एका स्पॅनिश शब्दावर होता. करारात व्यापाराच्या संदर्भात ‘ओब्हेतोस’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ ‘वस्तू’ असा घ्यायचा की ‘हेतू’ असा, यावर दोन्ही बाजूंचे वकील झुंजले. वस्तू म्हटले तर नावेतून केवळ माल नेता येईल. हेतू म्हटले तर भाडे घेऊन प्रवासी आणि पर्यटकही नेता येतील. जुलै २००९ च्या निकालात न्यायालयाने ‘व्यापाराच्या हेतूने’ हा अर्थ मान्य केला, १८५८ मध्ये व्यापार म्हणजे जे काही होते तेवढ्यापुरतेच तो शब्द गोठवून ठेवता येत नाही असे म्हटले, आणि काठावरच्या रहिवाशांचा पोटापुरती मासेमारी करण्याचा परंपरागत हक्कही उचलून धरला. त्याच निकालात पोलिसांच्या नावांना तो हक्क नसल्याचेही सांगितले. कोस्टा रिकाने दोन्ही भाग मानले.

वर्षभरातच नवे प्रकरण उभे राहिले. ऑक्टोबर २०१० मध्ये नदीच्या मुखाजवळ गाळ उपसणाऱ्या निकाराग्वाच्या माणसांनी इस्ला पोर्तियोस या दलदलीच्या टापूत एक कालवा खोदायला घेतला आणि तिथे निकाराग्वाचे सैनिकही उतरले. हा टापू जेमतेम तीन चौरस किलोमीटरचा. कामाचे प्रमुख होते एदेन पास्तोरा, ज्यांनी १९८० च्या दशकात कोस्टा रिकाच्याच सीमाभागातून निकाराग्वाच्या डाव्या सांदिनिस्ता सरकारविरुद्ध लढा दिला होता आणि जे आता त्याच सरकारच्या वतीने उभे होते. आपल्या बाजूने त्यांनी गूगलच्या नकाशाचा दाखला दिला. तो नकाशा चुकीचा होता.

सीमेवर शेजाऱ्याचे सैनिक आणि आपल्याकडे फक्त पोलीस, अशा वेळी सरकारची खरी कसोटी लागते. कोस्टा रिकाने सीमेवर पोलीस पाठवले, पण वादग्रस्त जागेवर चाल केली नाही. आधी ओएएस आणि मग १८ नोव्हेंबरला पुन्हा द हेग, असा मार्ग त्याने धरला. मार्च २०११ मध्ये न्यायालयाने दोन्ही देशांना तिथे माणसे ठेवण्यास मनाई केली, मात्र पाणथळ जागेचे रक्षण करण्यासाठी कोस्टा रिकाला नागरी कर्मचारी पाठवण्याची मुभा दिली. डिसेंबर २०१५ मध्ये तो टापू कोस्टा रिकाचा असल्याचा निकाल लागला, आणि २ फेब्रुवारी २०१८ रोजी सुमारे तीनशे तोडलेली झाडे आणि ६.१९ हेक्टर साफ केलेले रान यांचा हिशेब करून न्यायालयाने निकाराग्वाला व्याजासह ३,७८,८९० डॉलर भरपाई द्यायला लावली. पर्यावरणाच्या हानीसाठी या न्यायालयाने दिलेली ही पहिली भरपाई. मागणी सुमारे ६७ लाख डॉलरची होती, म्हणजे पदरात पडले ते फार थोडे. पण निकाराग्वाने मार्चमध्ये ती रक्कम चुकती केली. याच काळात नदीकाठाने रस्ता बांधताना कोस्टा रिकाने पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास केला नव्हता, म्हणून न्यायालयाने त्यालाही दोषी ठरवले, हे सांगितल्याशिवाय हा वृत्तांत खरा होत नाही.

भांडण नसणे आणि भांडण न्यायालयात नेणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या गोष्टीला वकील लागतात, जुने नकाशे लागतात, स्पॅनिश शब्दाच्या अर्थावर वर्षानुवर्षे काम करणारी माणसे लागतात, आणि सीमेवर परकी सैनिक दिसत असताना संयम राखणारे सरकार लागते.

तिसरा मुद्दा कोणाच्याही गोटात नसण्याचा. नोव्हेंबर १९८३ मध्ये अध्यक्ष लुईस आल्बेर्तो मोन्हे यांनी कायमस्वरूपी, सक्रिय आणि निःशस्त्र तटस्थतेची घोषणा केली हे खरे आहे. पण ती तटस्थता लष्करी संघर्षांपुरती होती, विचारांच्या बाबतीत आपण पाश्चिमात्य लोकशाहीच्या बाजूचे आहोत हे त्याच घोषणेत स्पष्ट होते. प्रत्यक्षात तर त्याच काळात उत्तरेकडील सान्ता एलेना द्वीपकल्पावर, सांदिनिस्ता सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांना रसद पोहोचवण्यासाठी अमेरिकी हस्तकांनी गुप्त धावपट्टी तयार केली. १९८६ मध्ये ऑस्कर आरियास सत्तेवर आले, त्यांनी ती बंद करायला लावली आणि वॉशिंग्टनची नाराजी पत्करून मध्य अमेरिकेतील युद्धे थांबवण्याची शांतता योजना पुढे रेटली. ७ ऑगस्ट १९८७ रोजी मध्य अमेरिकेच्या पाच अध्यक्षांनी ग्वाटेमाला शहरात तिच्यावर सह्या केल्या आणि त्याच वर्षी आरियास यांना शांततेचे नोबेल मिळाले. ही कामगिरी अमेरिकेपासून दूर राहून झालेली नाही, अमेरिकेच्या इतके जवळ असूनही नाही म्हणता आल्यामुळे झाली आहे.

जवळीक आजही आहे. अमेरिकेसोबतच्या मध्य अमेरिकेच्या मुक्त व्यापार करारावर ऑक्टोबर २००७ मध्ये देशाने सार्वमत घेतले आणि निसटत्या बहुमताने तो स्वीकारला. अमली पदार्थांच्या वाहतुकीविरुद्ध अमेरिकी तटरक्षकांसोबत संयुक्त गस्त चालते. एप्रिल २०२२ मध्ये खंडणीखोर हॅकर टोळीने सरकारी संगणक बंद पाडले, पुढच्या महिन्यात सूत्रे हाती घेताच नव्या अध्यक्षांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, आणि त्यानंतर सायबर सुरक्षेसाठी मोठी मदत आली तीही अमेरिकेकडूनच.

याच देशाने जून २००७ मध्ये तैवानशी सहा दशकांहून जुने संबंध तोडून चीनला मान्यता दिली. मध्य अमेरिकेत या शतकात हे करणारा तो पहिला. पनामा, एल साल्वाडोर, निकाराग्वा आणि होंडुरास पुढे त्याच वाटेने गेले. बदल्यात चीनने कोस्टा रिकाचे तीस कोटी डॉलरचे सरकारी रोखे घेतले, जी अट सरकारने लपवली होती आणि घटनापीठाच्या आदेशामुळे उघड झाली. सान होसेत २०११ मध्ये उघडलेले राष्ट्रीय स्टेडियमही चीननेच बांधून दिले. याला अलिप्तता म्हणता येणार नाही. आपल्या मान्यतेची किंमत ओळखणाऱ्या लहान देशाचा हा व्यवहार होता, आणि त्यातली लपवाछपवी मला मुळीच पटत नाही.

पैसा शाळांत गेला, या चौथ्या मुद्द्याचे थोडक्यात. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले ते १८६९ मध्ये, म्हणजे सैन्य बरखास्त होण्याच्या सुमारे ऐंशी वर्षे आधी. सैन्य गेल्यावर शिक्षण आणि आरोग्य यांना बळ मिळाले यात शंका नाही, पण परंपरा आधीची आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्के शिक्षणावर खर्च करण्याचे बंधन आता राज्यघटनेत आहे, प्रत्यक्ष खर्च मात्र तिथवर पोहोचलेला नाही. शिवाय २०२३ मध्ये नऊशेहून अधिक खून या देशात नोंदले गेले, त्यांतले बरेचसे अमली पदार्थांच्या टोळ्यांमुळे. सैन्य नसले तरी सुरक्षेचा खर्च टळत नाही.

शस्त्रे टाकली की शांतता, हा शेवटचा निष्कर्ष. १९४९ च्या राज्यघटनेचे बारावे कलम वाचले तर तो टिकत नाही. ते कायमस्वरूपी सैन्याला मनाई करते, पण खंडातील कराराखातर किंवा राष्ट्ररक्षणासाठी सैन्य उभारण्याची वाट मोकळी ठेवते आणि ते नेहमी नागरी सत्तेच्या अधीन असेल असे बजावते. शस्त्रांऐवजी कायदा, हेच या देशाच्या वागण्याचे सूत्र आहे आणि ते त्याच्या स्वतःच्या सरकारलाही लागू होते. २००३ मध्ये अध्यक्ष आबेल पाचेको यांनी इराकवरील हल्ल्याला पाठिंबा देऊन देशाचे नाव अमेरिकेच्या सहयोगी राष्ट्रांच्या यादीत जाऊ दिले. कायद्याच्या एका विद्यार्थ्याने त्याविरुद्ध अर्ज केला आणि सप्टेंबर २००४ मध्ये घटनापीठाने तो पाठिंबा घटनाबाह्य ठरवला. यादीतून नाव काढावे लागले. अण्वस्त्रबंदीचा करार २०१७ मध्ये ज्या परिषदेत संमत झाला, तिच्या अध्यक्षपदी एलेन व्हाइट या कोस्टा रिकाच्याच राजदूत होत्या. भारत त्या परिषदेत सहभागी नव्हता.

या सगळ्यावर उलट बाजूने एक उत्तर हमखास येते: मग काय, अमेरिकेचे छत्र आहे म्हणून चालले आहे. छत्र आहेच, ते वर सांगितले. पण मध्य अमेरिकेतल्याच होंडुरासवरही तेच छत्र होते, रिओ करारही होता, अमेरिकी सैनिकांचा तळही होता आणि त्याखेरीज स्वतःचे सैन्य होते. फिगेरेस यांनी १९४८ मध्ये ठाणे बंद केले त्यामागे शेजाऱ्यांवरच्या विश्वासापेक्षा आपल्याच बराकीतून उठणाऱ्या बंडाची धास्ती मोठी होती. त्यांच्याच सुरक्षा मंत्र्याने एप्रिल १९४९ मध्ये उठाव करून ती खरी ठरवली आणि तो उठाव लवकरच फसला. होंडुरासमध्ये २८ जून २००९ च्या पहाटे सैनिकांनी अध्यक्ष मानुएल सेलाया यांना राहत्या घरातून उचलले आणि रात्रीच्या कपड्यांतच विमानात बसवून देशाबाहेर पाठवले. ते विमान सान होसेला उतरले. आरियास तेव्हा दुसऱ्यांदा अध्यक्ष होते. त्यांनी सेलाया यांना सोबत घेऊन तिथेच पत्रकारांसमोर उठावाचा निषेध केला आणि पुढच्या महिन्यात दोन्ही बाजूंना आपल्या घरी वाटाघाटींना बोलावले.