फोर बाय फोर म्हणून निर्धास्त?

'पिकअपला फोर बाय फोर असली की बर्फाची चिंता नको' हे लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी हलते, कबूल. पण थांबताना तिचा काडीचा उपयोग नाही. इथे अमेरिकेतल्या मिनेसोटात पहिला मोठा बर्फ पडला की हायवेच्या कडेला चरात गेलेल्या गाड्यांत पिकअप हमखास असतात!

खरी मेख मागच्या हौद्यात आहे. तो रिकामा असला की मागची चाकं हलकी पडतात आणि वळणावर गाडीचं बूड सरकतं. म्हणून इथली जुनी मंडळी थंडीभर मागच्या अ‍ॅक्सलच्या (चाकं जोडणाऱ्या आसाच्या) बरोबर वर वाळूची पोती ठेवतात, पट्ट्यांनी आवळून. सैल ठेवलीत तर जोरात ब्रेक मारताच धाडकन पुढे येतात. गाडी रुतली तर तीच वाळू चाकाखाली टाकायची. टायर मात्र विंटरचेच हवेत. साधे टायर सात अंश सेल्सिअसखाली कडक होत जातात.

आणि रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ दिसलं म्हणून पुलावर वेग वाढवू नका. उणे दहाच्या खाली साधं मीठ जेमतेमच काम करतं, आणि पूल तर खालूनही गारठतो.