माळरान हे तोडलेलं जंगल आहे का?

पावसाळा तोंडावर आला की दरवर्षी एक मजकूर मोबाईलवर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: ‘सोलापूर, सांगली, नगर, पुण्याचा आणि साताऱ्याचा पूर्व भाग इथले उघडे माळ म्हणजे माणसाने तोडून संपवलेलं घनदाट जंगल. झाडं गेली म्हणून पाऊस गेला. महाबळेश्वरला झाडं आहेत म्हणून तिथे पाऊस आहे. या पडीक जमिनीवर झाडं लावा. पाऊस परतेल, पशुपक्षी परततील आणि हवेतला कार्बनही जमिनीत जाईल.’

हे पुढे पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे. रविवारी टिकाव-फावडं घेऊन टेकडीवर जाणारी माणसं आहेत ही. म्हणूनच याला नीट उत्तर द्यायला हवं. चांगल्या हेतूने खणलेल्या खड्ड्यांनीही एक जिवंत परिसर मोडतो आहे.

पावसापासून सुरुवात करू, कारण सगळ्या मजकुराचा डोलारा त्यावरच उभा आहे. जून-सप्टेंबरमध्ये अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर, अगदी या वाऱ्यांच्या वाटेत आहे. तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर दहिवडी-म्हसवडच्या पट्ट्यात तो जेमतेम पाचशेच्या आसपास येतो. मधल्या डोंगराने ढग रिकामे केलेले असतात. म्हणून महाबळेश्वरला सदाहरित रान आहे आणि माणदेशात माळ. पाऊस कारण आहे, जंगल त्याचा परिणाम. मजकुरात हे नेमकं उलटं झालं आहे.

झाडांचा पावसाशी काहीच संबंध नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ॲमेझॉनचं जंगल आपल्या पानांवाटे इतकी वाफ सोडतं की तिथल्या पावसाचा मोठा वाटा त्याच पाण्याच्या फेऱ्यांतून येतो. पण त्या पाण्याची पहिली खेप अटलांटिक महासागरावरून आलेली असते. आडात असेल तर पोहऱ्यात येईल. सहारा साधारण ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी हिरवा होता, तिथे तळी होती, पाणघोडे होते. तो हिरवा झाला तो सूर्याभोवतीच्या पृथ्वीच्या भ्रमणातल्या संथ बदलांमुळे आफ्रिकेचा मान्सून जोरात उत्तरेकडे सरकला म्हणून. मान्सून मागे हटला आणि हिरवळही गेली. वनस्पतींनी त्या बदलाला हातभार लावला असेल, पण त्याची सुरुवात त्यांनी केली नाही.

दुसरा दावा, ‘इथे पूर्वी घनदाट जंगल होतं.’ सह्याद्रीत, कोकणात आणि इतरत्रही खरी जंगलं तुटली, अजून तुटताहेत. त्याबद्दल वाद नाही. प्रश्न पर्जन्यछायेतल्या, म्हणजे डोंगराआड कमी पाऊस पडणाऱ्या पट्ट्यातल्या, माळाचा आहे. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोघा संशोधकांनी २०२५ मध्ये एक सुंदर काम प्रसिद्ध केलं. त्यांनी पश्चिम महाराष्ट्राच्या या कोरड्या भागातलं जुनं मराठी वाङ्मय आणि लोककथा चाळून त्यांत कोणत्या रानवनस्पती येतात ते टिपलं. ४४ जाती सापडल्या. त्यातल्या २७, म्हणजे जवळपास दोन-तृतीयांश, उघड्या गवताळ प्रदेशाची ओळख सांगणाऱ्या निघाल्या. साडेसातशे वर्षांपूर्वीचा हा भूभागही बाभळी-बोरींचा आणि गवताचाच होता. इंग्रजांची कुऱ्हाड तेव्हा इथे पोहोचलेलीसुद्धा नव्हती.

पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या आवारात कान्होपात्रेच्या समाधीशी जोडलेलं झाड आठवा. ते तरटीचं आहे. तरटी हे दाट जंगलातलं झाड नव्हे. कोरड्या, उघड्या माळावरचं काटेरी झाड आहे. लाखो वारकऱ्यांनी हात जोडलेल्या त्या झाडातच या प्रदेशाचं हवामान लिहिलेलं आहे, असं मला वाटतं.

आणखी मागे जायचं तर हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या शिवालिक टेकड्यांतल्या प्राचीन मातीकडे जावं लागेल. तिथल्या कार्बनच्या नोंदी सांगतात की साधारण ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी दक्षिण आशियात उष्ण प्रदेशातली गवतं झपाट्याने पसरली. तेव्हा जंगल तोडायला माणूस नावाचा प्राणीच नव्हता. ही गवतं कडक उन्हात, कमी पाण्यात अन्न तयार करण्यात इतर बहुतेक वनस्पतींपेक्षा तरबेज असतात, पण सावलीत मरतात. आपली ज्वारी आणि बाजरी याच जातकुळीतली. मंगळवेढ्याची ज्वारी जिथे ओलाव्यावर तरारून येते, तिथे कुसळी, मारवेल, पवन्या ही रानगवतंही मुळात का रुजली असतील, हे शेतकऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही.

झाड आणि गवत यांचा हिशेब वेगळा असतो. गवताची वाढ बुडाशी होते, झाडाची शेंड्याशी. त्यामुळे जनावरांनी खाल्लं, वणव्यात जळलं तरी पहिल्या पावसात गवत पुन्हा वर येतं. कोवळं रोप मात्र संपतं. आफ्रिकेतल्या शेकडो ठिकाणांची माहिती एकत्र करून महेश शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की तिथे वर्षाला साधारण ६५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर झाडांची दाटी पाण्यानेच अडते. त्यापेक्षा जास्त पाऊस असूनही माळ उघडा असेल तर वणवा आणि चरणारी जनावरं यांचा हात असतो. आफ्रिकेचा आकडा जसाच्या तसा दख्खनला लावता येणार नाही. पण पाण्याची ही मर्यादा खड्डे खणून ओलांडता येत नाही.

हवामान म्हणजे सगळं काही असंही नाही. कासच्या पठारावर भरपूर पाऊस पडतो, तरी झाडं विरळ, कारण जांभ्याच्या कातळावर मातीचा थरच पातळ आहे. तिथल्या फुलांना नेमकं तेच हवं असतं.

आता ‘पडीक’ या शब्दाबद्दल. तो महसुलाच्या भाषेतून आला आहे. ज्या जमिनीवर सारा मिळत नाही ती पडीक, असा त्याचा हिशेब. इंग्रज गेले, तरी सरकारी नकाशांत असे माळ ‘वेस्टलँड’ म्हणूनच नोंदले जात राहिले. माळढोक पक्ष्याला विचारलं तर तो वेगळं सांगेल. तो वर्षाला साधारण एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर, आणि शत्रू लांबून दिसावा म्हणून त्याला मोकळी नजर लागते. १९७९ साली सोलापूर-नगर भागात नान्नजसह त्याच्यासाठी अभयारण्य झालं. सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं ते क्षेत्र पुढे बाराशेच्या घरात आलं. आज देशभरात निसर्गात दीडशेपेक्षाही कमी माळढोक उरलेत, बहुतेक राजस्थानात. त्याच्या मरणाला विजेच्या तारा, शिकार, शेती अशी अनेक कारणं आहेत, पण झाडांची कमतरता हे त्यात नाही. उलट दाट लागवड झाली की तो जागा सोडतो.

काळवीट वेगावर जगतो, त्याला पळायला मैदान हवं. नगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या रेहेकुरीत तो त्याच उघड्या गवतात दिसतो. चिंकारा चाऱ्यातल्या ओलाव्यावर बरेच दिवस काढतो. खोकड, तरस, धाविक, माळटिटवी, चंडोल, आणि ज्याची वंशशाखा जगातल्या लांडग्यांत फार जुनी मानली जाते तो आपला लांडगा, हे सगळे माळाचे रहिवासी आहेत. झाडं लावल्यावर ‘परत येणारे’ पक्षी आले, तरी ते यांच्या जागेवर येतील.

माणसांचंही तेच. धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरते तळ, दसरा-दिवाळीनंतर कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर घाटावर परततात, कारण कोकणचा मुसळधार पाऊस मेंढीला सोसत नाही. पावसाच्या याच चढउतारावर त्यांचं वर्ष बेतलेलं आहे. माळावर चर खणून, कुंपण घालून लागवड झाली की पहिली वाट त्यांची बंद होते.

उरला कार्बन. २०१९ मध्ये जगभर सुमारे ९० कोटी हेक्टरवर झाडं वाढवता येतील असा एक अंदाज गाजला. त्यावर अनेक शास्त्रज्ञांनी लगेच आक्षेप घेतले. त्यातला मोठा आक्षेप हाच होता की नैसर्गिक गवताळ प्रदेश त्यात रिकामी जागा म्हणून धरले आहेत. गवत आपला बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत ठेवतं, जिथे वणवा पोहोचत नाही. कोरड्या माळावर लावलेली रोपं मात्र आधी टँकरच्या पाण्यावर जगतात, आणि वणवा लागला की त्यांतला कार्बन पुन्हा हवेत जातो.

झाडं लावायचीच असतील तर ओढ्याकाठी, बांधावर, शाळेच्या आवारात, गावठाणात, रस्त्याकडेला लावा; कडुनिंब, बाभूळ, बोर, हिवर अशी इथली लावा. माळावर आधीच लावलेला गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हा मूळचा मध्य अमेरिकेतला; तो हळूहळू काढता येईल. आणि ज्या माळावर अतिचराईने गवत खुरटलं आहे, तिथे गावाने ठरवून एक तुकडा दिवाळीपर्यंत राखला, गवताला बी धरू दिलं आणि मग चराईला सोडला, तर एका पावसातही फरक दिसू लागतो. त्यासाठी एकही खड्डा खणावा लागत नाही.