पाच बॅक लावले म्हणजे बचाव झाला?

सध्या आमच्या हॅट्रिक (इंटरनेटवर फुटबॉल संघ चालवण्याचा खेळ) खेळणाऱ्या मंडळींत एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला. त्यातल्या एकाने तर सोलापूरच्या नवी पेठेत चहा पिताना समोर बसून पाठवला आणि वर विचारलं, "वाचलास का बे?" मेसेजचं सार असं: "गरीब संघाने मिडफिल्डवर पैसे घालू नयेत. पाच बॅक लावा, काउंटर अटॅक निवडा, सामना आपला. मधे तीन सेंट्रल डिफेंडर असले की बाजूंची काळजी नको. गोलकीपर स्वस्तातला चालतो. तरीही अडकलात तर प्रेसिंग लावा, समोरचा दमतो. ग्रीसने 2004 मध्ये हेच करून युरो जिंकला." खाली जोडलेले हात आणि 'सगळ्यांना पाठवा'.

मी कुणालाच पाठवला नाही. गेल्या हंगामात यातलं निम्मं मी स्वतः करून बसलोय आणि खालच्या लीगमध्ये उतरलोय. त्यामुळे रागाचा थोडा अंश या लिखाणात सापडला तर समजून घ्या.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. हॅट्रिक हा 1997 साली स्वीडनमध्ये सुरू झालेला, ब्राउझरवर चालणारा खेळ. धावणारे खेळाडू, चकचकीत मैदान वगैरे काही नाही, सगळा आकडे आणि मजकुराचा कारभार. लीगमध्ये 8 संघ, 14 सामने, आठवड्याला लीगचा एकच सामना. संघ, फॉर्मेशन, बदलीच्या सूचना, सगळं सामन्याआधी देऊन ठेवायचं. एकदा शिट्टी वाजली की आपण फक्त वाचत बसायचं. बॅक किंवा डिफेंडर म्हणजे मागे बचाव करणारे, मिडफिल्ड म्हणजे मधली फळी, फॉरवर्ड म्हणजे पुढे गोल करणारे. काउंटर अटॅक म्हणजे समोरच्याचा हल्ला मोडून लगेच केलेला उलटा हल्ला, आणि प्रेसिंग म्हणजे समोरच्याला सतत दाबून त्याचा खेळ मोडणं. फुटबॉल म्हटलं की सगळे कोल्हापूरकडे बोट दाखवतात, आमच्या पार्क स्टेडियमचं नाव क्रिकेटशीच जोडलेलं. पण हा खेळ खेळायला मैदान लागत नसल्यामुळे सोलापूरकरांचं काही अडत नाही.

आता पहिला दावा, आणि सगळ्या घोळाचं मूळही तोच: मिडफिल्डवर खर्च करू नका, बचावावर करा.

या खेळात संघाचे सात मुख्य रेटिंग निघतात. मिडफिल्डचं एक, बचावाचे तीन (डावा, मधला, उजवा) आणि आक्रमणाचे तसेच तीन. दोन्ही संघांच्या मिडफिल्डची तुलना होते, त्यावरून चेंडू कोणाकडे किती वेळ आणि गोलची संधी कोणाला किती, हे ठरतं. संधी मिळाल्यावर मगच त्या बाजूचं आक्रमण आणि समोरचा बचाव यांची गाठ पडते. म्हणजे बचावाचं रेटिंग एका संधीपुरतं बोलतं: ही अडेल की जाईल. संधी किती येणार, हा प्रश्न त्याला कोणी विचारतच नाही. तो मिडफिल्डचा विषय. गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याच्या तिकीटखिडकीवर पाच माणसं बसवली म्हणून रांग कमी होत नाही. रांग येते कुठून, ते बघावं लागतं.

मी काय केलं होतं? बरं प्लेमेकिंग (खेळ रचण्याचं कौशल्य) असलेले दोन इनर मिडफिल्डर, म्हणजे मधोमध खेळणारे मिडफिल्डर, विकले आणि त्या पैशात दोन तगडे सेंट्रल डिफेंडर आणले. मधल्या बचावाचं रेटिंग बघून मन भरून यायचं. सामन्याच्या अहवालात मात्र माझ्या संघाचं नाव दिसायचं ते समोरच्याने पुन्हा एकदा हल्ला चढवला, अशाच वाक्यांत. दहापैकी सात हल्ले अडवले तरी तीन गोल बसतातच की. त्याऐवजी मुळात पाचच हल्ले आले असते, तर साधारण बॅक असूनही मी एखाद्या बरोबरीत सुटलो असतो.

शिवाय तीन सेंट्रल डिफेंडर लावल्यावर तिघांचंही पूर्ण मोल मिळत नाही. मधल्या जागेत एकापेक्षा जास्त जण ठेवले की प्रत्येकाचं योगदान थोडं कापलं जातं. इनर मिडफिल्डर आणि फॉरवर्ड यांनाही हाच नियम. तिसऱ्या डिफेंडरला पगार मात्र पुरता द्यावा लागतो. हे मेसेजवाल्याने लिहिलं नाही.

दुसरा दावा काउंटरचा. इथे जरा थांबतो, कारण अर्धवट खरं असलेलं खोटं सगळ्यात जास्त नुकसान करतं.

काउंटर अटॅक निवडण्याची किंमत आधीच मोजावी लागते: मिडफिल्ड 7 टक्क्यांनी कमी होतं. आणि तो चालतो कधी? मिडफिल्डमध्ये तुम्ही समोरच्यापेक्षा कमी असाल तेव्हाच. तुमचं मिडफिल्ड वरचढ असेल तर काउंटर येतच नाही, ते 7 टक्के मात्र जातात. आमच्या त्याच चहावाल्या मित्राने तळाच्या संघाविरुद्धही काउंटर लावून ठेवला होता, 'असू दे, सुरक्षित आहे' म्हणून. सुरक्षित कसलं बे, फुकटचा कर भरलास.

पुढची गोष्ट. समोरच्याची संधी तुमच्या बचावाने मोडली की मग काउंटरची शक्यता तयार होते. ती प्रत्यक्षात उतरेल का, हे काउंटरच्या कौशल्यावर अवलंबून, आणि ते कौशल्य येतं बॅकच्या खेळाडूंच्या पासिंगमधून आणि डिफेंडिंगमधून. त्यातही पासिंगचं वजन जास्त. म्हणजे नुसते अडवणारे पाच दगड उभे करून भागत नाही. अडवलेला चेंडू पुढे ढकलण्याची अक्कल त्यांच्याकडे हवी. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या डिफेंडरचं पासिंग बघा एकदा, बहुतेकांचं नावापुरतं असतं. ते वाढवायचं तर हंगामभर पासिंगचं प्रशिक्षण द्यावं लागतं, आणि प्रशिक्षण आठवड्याला एकदाच होतं.

शेवटी काउंटर मिळाला तरी तो गोलात घालायला तुमचं आक्रमणाचं रेटिंग लागतंच. मेसेजच्या नादाने आमच्यातल्या एकाने 5-5-0 लावलं, म्हणजे पाच बॅक, पाच मिडफिल्डर, शून्य फॉरवर्ड. पुढे एकही फॉरवर्ड नाही! काउंटर आले, अहवालात दिसलेही, आणि एकेक करून वाया गेले. मागावर बसणाऱ्या घरातलं कोणीही सांगेल, ताणा कितीही घट्ट ओढलात तरी धोटा आडवा फिरल्याशिवाय चादर विणली जात नाही.

मेसेजमध्ये एक ओळ बरोबर आहे, ती मान्य करतो. मोठ्या संघाविरुद्ध 'प्ले इट कूल' (जोर न लावता खेळायची सूचना) ठेवलं तर बचाव कमी होत नाही, असं त्यात लिहिलंय. खरं आहे. त्याने फक्त मिडफिल्ड उतरतं, आणि संघाची उमेद पुढच्या सामन्यांसाठी शिल्लक राहते. काउंटरच्या संघाला मिडफिल्ड हरायचंच असतं, त्यामुळे जाणकार लोक ही जोडी मुद्दाम वापरतात. पण त्यांचे डिफेंडर तसे घडवलेले असतात. आपण आज मेसेज वाचून उद्या लावतो.

तिसरा दावा, बाजूंची काळजी नको. याला आकड्यांनीच उत्तर देतो. खेळाच्या नियमपुस्तिकेनुसार साधारण 35 टक्के हल्ले मधून येतात, डावीकडून आणि उजवीकडून प्रत्येकी 25, आणि उरलेले 15 टक्के सेट पीस, म्हणजे फ्री किक, पेनल्टी. दोन्ही बाजू मिळून निम्मे हल्ले झाले! त्यातच समोरच्याने 'बाजूंनी हल्ला' ही युक्ती लावली तर मधले काही हल्लेही बाजूंकडे वळतात. मग मधे रेटिंग फुगवून काय करणार?

भुईकोट किल्ला पाहिलाय ना? एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, बाकी अंगांना खंदक आणि दुहेरी तट. पाणी होतं त्या बाजूची चिंता पाण्यावर सोडून बांधणाऱ्याने मेहनत उरलेल्या बाजूंवर घेतली. शत्रू कुठून येणार हे आधी बघितलं, दगड नंतर रचले. हॅट्रिकमध्येही तेवढी सोय आहे: समोरच्याच्या झालेल्या सामन्यांचे रेटिंग उघडे असतात. त्याचं उजवं आक्रमण जोरात दिसलं तर तुमचा डावा बचाव भक्कम हवा, कारण त्याचं उजवं तुमच्या डाव्याशी भिडतं. (ही डावी-उजवीची गल्लत मी पहिल्या दोन हंगामांत किती वेळा केली, ते सांगत नाही.) चांगला विंगबॅक (बाजूचा बॅक) डावीकडे ठेवा, सेंट्रल डिफेंडरला 'बाजूकडे' अशी सूचना द्या, आणि समोरच्याचं डावं आक्रमण अगदीच फिकं असेल तर तुमच्या उजव्या कोपऱ्यातला बॅक काढून ती जागा मिडफिल्डला द्या. यात चार बॅक झाले, पाच नाही.

गोलकीपरचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. कीपर बचावाच्या तिन्ही रेटिंगमध्ये भर घालतो, दुसरा कुठलाही एकटा खेळाडू तिन्हींकडे इतका देत नाही. स्वस्तातला कीपर घेऊन पाचवा बॅक विकत घेणं म्हणजे छपराला भोक ठेवून भिंतीला रंग देणं.

प्रेसिंगने समोरचा दमतो, हे तर उलटंच आहे. दमतो आपला संघ, प्रेसिंगमध्ये आपल्याच खेळाडूंचा स्टॅमिना जास्त खर्च होतो. आणि प्रेसिंग संधी मोडतं ते दोन्ही संघांच्या, फक्त समोरच्याच्या नाही. त्यामुळे ते शोभतं कोणाला, तर जो जिंकण्यापेक्षा न हरण्यावर समाधानी आहे त्याला, किंवा समोरच्याला खूप संधी मिळणार हे ज्याला दिसतंय त्याला. पिछाडीवर असताना प्रेसिंग म्हणजे स्वतःच्या हाताने घड्याळ पुढे ढकलणं. त्याचं कौशल्य मैदानावरच्या सगळ्या खेळाडूंच्या डिफेंडिंगवर मोजतात, आणि 'पॉवरफुल' ही स्पेशालिटी (खास गुण) असलेल्या खेळाडूचं डिफेंडिंग त्यात दुप्पट धरलं जातं. 'डिफेंडरच्या स्पेशालिटीला काही अर्थ नाही', असंही मेसेजच्या शेवटी कुठेतरी घुसडलंय. हे एकच उदाहरण त्याला पुरेसं आहे. समोरचा 'क्विक' फॉरवर्ड सुसाट निघाला की त्याला गाठायला 'क्विक' डिफेंडर उपयोगी पडतो, हे दुसरं.

मेसेजमध्ये मुळीच नसलेली एक गोष्ट माझ्या पडझडीला सगळ्यात जास्त कारणीभूत होती: फॉर्मेशनचा सराव. हॅट्रिकमध्ये प्रत्येक फॉर्मेशनचा अनुभव वेगळा मोजतात. ज्याचा अनुभव कमी, ते लावलं तर सामन्यात संघ गोंधळतो आणि सगळे रेटिंग घसरतात, बचावाचेही. मी 5-3-2 थेट लीगच्या सामन्यात काढलं. 20 मिनिटं झाली आणि अहवालात ओळ आली की खेळाडूंना आपापल्या जागा समजेनात. पाच बॅक होते खरे, पण कुठे उभं राहायचं हे पाचांनाही ठाऊक नव्हतं. हाच सराव मैत्रीपूर्ण सामन्यांत, आठवड्याच्या मधल्या दिवशी फुकट करता येतो. मी ते सामने तेव्हा नेहमीच्याच 4-4-2 मध्ये वाया घालवत होतो.

'आघाडी घेतली की बॅक वाढवा' हाही सल्ला त्यात आहे. दोन गोलांची आघाडी झाली की संघ तसाही आपोआप मागे सरकतो, बचाव वाढतो, आक्रमण उतरतं. वर आपण आणखी बॅक घातला तर ज्या मिडफिल्डने आघाडी मिळवून दिली त्यालाच बाहेर काढतो.

राहिला ग्रीस. फुटबॉलचा इतिहास आणि खेळाचं इंजिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण इतिहास काढलाच आहे तर नीट काढू. 2004 च्या युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, ग्रीसने उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सला, उपांत्य फेरीत झेक प्रजासत्ताकाला आणि अंतिम सामन्यात पोर्तुगालला, तिघांनाही 1-0 ने हरवलं. तिन्ही गोल हेडरने झाले, त्यातले झेकविरुद्धचा आणि अंतिम सामन्यातला कॉर्नरवरून. म्हणजे त्यांच्याकडे बचावाच्या जोडीला एक ठरलेलं हत्यार होतं. गटात मात्र ते स्पेनशी 1-1 बरोबरीत राहिले आणि रशियाकडून 2-1 ने हरले. गोलफरकही नव्हे, तर केलेल्या जास्त गोलांच्या जोरावर स्पेनच्या पुढे जाऊन बाद फेरीत पोहोचले. नुसता बचाव करणाऱ्यांना ही वाट सापडली नसती. आणि ज्यांना बचावाचे बादशहा म्हणतात त्या प्रशिक्षक हेलेनियो हेरेराच्या इटलीतल्या इंटर क्लबने 1964 आणि 1965 ला युरोपियन कप जिंकला खरा, पण 1967 च्या अंतिम सामन्यात लवकर आघाडी घेऊन ते मागे सरकले, आणि स्कॉटलंडच्या सेल्टिकने हल्ल्यांवर हल्ले करत 2-1 ने कप नेला. संधी अडवत राहिलं तरी संधी येत राहिल्या, हेच तर मी वर सांगत होतो.

मग पाच बॅक कधीच लावू नयेत? लावावेत. समोरचा संघ इतका पुढे आहे की मिडफिल्ड कितीही ताणलं तरी हरणारच, हे त्याच्या रेटिंगवरून दिसत असेल. तुमच्या पाचातल्या निदान तिघांचं पासिंग बऱ्यापैकी असेल. पुढे दोन चांगले फॉरवर्ड उरत असतील. आणि त्या फॉर्मेशनचा सराव मैत्रीपूर्ण सामन्यांत झालेला असेल. माझ्याकडे सध्या दोन डिफेंडर पासिंगचं प्रशिक्षण घेतायत, तिसरा 19 वर्षांचा आहे. तोवर चार बॅक, आणि डावीकडे बरा विंगबॅक शोधतोय. कोणाकडे विकायला असेल तर कळवा, किंमत मात्र आमच्या खालच्या लीगला परवडेल अशी ठेवा.