‘मॅन्युअल वाचत जा काका’ या प्रतिक्रियेला उत्तर

निनावी वाचक,

‘सकाळी सेल्फ मारल्यावर जरा थांबा’ या माझ्या लेखावर तुम्ही काल रात्री पावणेबाराला प्रतिक्रिया टाकलीत. बाकीच्यांना शोधायला लागू नये म्हणून जशीच्या तशी इथे देतो: “काका, हे कार्बोरेटरच्या जमान्यातलं खूळ आहे. इंजेक्शनच्या गाडीला थांबायची गरज नसते. उभ्या गाडीत इंजिन तापायला वेळ लागतो, फुकट पेट्रोल जळतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही गार राहतो. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाड्या सिग्नलला दिवसातून तीसदा सुरू होतात, त्या कुठे थांबतात? लिहिण्याआधी मॅन्युअल वाचत जा.”

मतभेदाचं मला वावडं नाही. मागे टायरच्या हवेबद्दल एका वाचकाने माझी चूक दाखवली, मी त्याच दिवशी दुरुस्त केली. पण त्यांनी सुरुवातीला ‘नमस्कार’ लिहिलं होतं, आणि खाली नाव.

‘काका’वर मी बोलणार नाही. अठ्ठावन्न वर्षं मी काही लपवलेली नाहीत, आणि नाशिकला भाजीवालाही मला काकाच म्हणतो. फक्त तो म्हणतो तेव्हा वर कोथिंबीर तरी टाकतो.

आता ‘खूळ’. तुम्ही कधी चोक ओढलाय का? आमच्या वडिलांनी १९८६ साली सेकंडहँड पद्मिनी घेतली. जानेवारीत निफाडच्या बाजूला पारा पाच-सहावर उतरतो, द्राक्षबागांत लोक शेकोट्या पेटवून ठेवतात. अशा सकाळी वडील मफलर बांधून खाली जायचे, चोक पूर्ण ओढायचे, सेल्फ मारायचे आणि इंजिन लागलं की चोकची मूठ हळूहळू आत ढकलत राहायचे, आवाज ऐकत. घाई केली तर गाडी खोकून बंद. चोक जास्त वेळ ओढून ठेवला तर प्लग ओले, मग प्लग काढा, फडक्याने पुसा, फुंका. मी बारावीत होतो आणि ते फडकं धरून उभं राहणं हे माझं काम होतं. त्यामुळे कार्बोरेटरचा जमाना कसा होता हे मला कोणी समजावायला नको.

चोक करायचा काय? हवा कमी करून मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवायचा, कारण गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. आज तेच काम संगणक करतो. सेन्सर पाण्याचं तापमान सांगतो, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा राहतो आणि इंजिन मुद्दाम जास्त आरपीएमवर फिरवलं जातं. म्हणजे मूठ गेली, चोक नाही गेला. उद्या सकाळी आरपीएमच्या काट्याकडे बघा. सुरू होताच तो बाराशे-पंधराशेला जाऊन बसेल, थोड्या वेळाने खाली सरकायला लागेल. पुरतं तापल्यावर सातशे-आठशे. माझं म्हणणं एवढंच आहे की तो पहिल्यांदा खाली सरकेपर्यंत गिअर टाकू नका. तुमची गाडी ऑटोमॅटिक असेल (भाषेवरून वाटतं) तर मुद्दाम करून बघा. पंधराशेवर रिव्हर्स टाकलात की ब्रेक सोडल्या सोडल्या गाडी मागे ओढते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मागे कुणाची तरी अ‍ॅक्टिव्हा लावलेली असताना, ते खूळ वाटत नाही.

राहिलं ऑईल. रात्रभरात ते इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरतं, पहिल्या क्षणाला वरच्या भागात नुसता ओशटपणा असतो, म्हणून ती टॅपेटची टकटक. हल्लीचं झिरो-डब्ल्यू-ट्वेंटी हे पातळ ऑईल दोन-तीन सेकंदांत वर पोचतं, वडिलांच्या जाड ट्वेंटी-डब्ल्यू-फोर्टीसारखं रेंगाळत नाही, हे मान्य. पण पोचलं म्हणजे तापलं असं नाही.

आणि हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी पहिली डिझेल गाडी टर्बोची (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याची) होती. भाचा ती घेऊन पहाटे शिर्डीला निघाला. किल्ली फिरवली, काचेवरचं दव जावं म्हणून दोन-तीनदा खच्चून रेस दिली आणि सुटला. टर्बोची दांडी मिनिटाला लाखभर फेरे घेते, तिला आधार काय तो ऑईलच्या पातळ थराचा. सिन्नरच्या पुढे शिट्टीसारखा आवाज, मागे निळा धूर. टर्बो बदलावा लागला. मिस्त्री म्हणाले की ऑईल बदलायलाही चार हजार किलोमीटर उशीर झाला होता, पण तो वेगळा विषय आहे.

पेट्रोलचा हिशेब तुम्हाला हवाच असेल तर घ्या. लहान गाडी उभ्या उभ्या तासाला साधारण सहाशे मिलिलिटर पिते. अर्ध्या मिनिटाचे झाले पाच. गार इंजिन म्हणून दुप्पट धरा. खोकल्याच्या औषधाचे दोन चमचे. एवढ्यासाठी रात्री पावणेबाराला टाइप करत बसलात.

स्टार्ट-स्टॉपचा मुद्दा इथे लागूच होत नाही, सिग्नलला इंजिन तापलेलं असतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा, गार असताना नीट काम करत नाही) काय असतो ते मलाही माहीत आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

आता मॅन्युअल. तुमची प्रतिक्रिया वाचून मी रात्री साडेबाराला खाली जाऊन ग्लोव्ह बॉक्समधून ते काढून आणलं. (बायको विचारत होती, गाडी चोरीला गेली का म्हणून.) तर हो, त्यात लिहिलं आहे की सुरू केल्यावर गाडी उगीच उभी ठेवू नये, लगेच निघावं आणि इंजिन तापेपर्यंत सावकाश चालवावं. पण ‘लगेच’ म्हणजे किती, हे त्यांनीही लिहिलेलं नाही. मी बसतो, किल्ली फिरवतो, पट्टा लावतो, आरसा सरळ करतो, समोरच्या गणपतीला हात लावतो. घड्याळ लावून पाहिलं आज सकाळी, सत्तावीस सेकंद. माझ्या ‘लगेच’ला तेवढा वेळ लागतो. आणि ‘पहिले दोन किलोमीटर हळू’ हे माझ्या लेखातही होतं, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. तिथपर्यंत तुम्ही पोचला नसाल.

एक मात्र खरं. मूळ लेखात मी ‘एक ते दोन मिनिटं’ लिहिलं होतं. तिथे आता ‘अर्धं मिनिट’ केलं आहे. तुमच्यामुळे नाही, मॅन्युअलमुळे. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, ‘काका’सकट ठेवली आहे. पुढच्या वेळी खाली नाव लिहा.