आयत्या वेळचे विषय आणि अमेरिकेची घटना

आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं सार असं: ३४ राज्यांनी मागणी केली की काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, घटनादुरुस्ती परिषद बोलवावीच लागते, मग खासदारांच्या मुदतीपासून सरकारी कर्जापर्यंत सगळं मार्गी लागेल. धोका शून्य, कारण विषय ठरलेला, प्रतिनिधी कायद्यानं बांधलेले आणि शेवटी ३८ राज्यांची मंजुरी हवीच. खासदारांना मुदतीची मर्यादा हवी, हे मलाही मान्य. पण धोका शून्य?

‘विषय ठरलेला असतो.’ घटनेच्या पाचव्या कलमात एवढंच आहे की दोन-तृतीयांश राज्यांनी अर्ज केला की काँग्रेसनं परिषद बोलवावी. प्रतिनिधी कोण निवडणार, चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला आणि सहा लाखांच्या वायोमिंगला एकेकच मत की लोकसंख्येप्रमाणे, विषयाबाहेरचा ठराव आला तर कोण अडवणार, यावर एक अक्षर नाही. मसुदा करताना हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, असंही नाही. १५ सप्टेंबर १७८७ ला, सह्या व्हायला दोन दिवस उरले असताना, घटनाकारांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसननं शंका काढली होती: अशा परिषदेचं स्वरूप काय, गणपूर्ती किती? कलमात उत्तर आलंच नाही. आपल्या मंडळाच्या सभेच्या नोटिशीत शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ असतं ना, तसंच. फक्त इथे अध्यक्षही परिषदच निवडणार.

‘प्रतिनिधी बांधलेले असतात.’ हद्द ओलांडणाऱ्या प्रतिनिधीला परत बोलवायचे, शिक्षा करायचे कायदे काही राज्यांनी केलेत, खरंय. पण १७८७ मध्ये, आजची घटना लिहिणाऱ्या परिषदेला जाताना, डेलावेअरनंही आपल्या प्रतिनिधींना लेखी बजावलं होतं की ‘एका राज्याला एक मत’ या नियमाला हात लावायचा नाही. ती परिषद भरली त्या फिलाडेल्फियात दारावर पहारा, आतलं बाहेर बोलायला बंदी. राज्याला कळणार कसं? बाहेर आलं ते लोकसंख्येवर आधारलेलं प्रतिनिधीगृह. (सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, राज्याराज्यांत बरोबरी मिळाली म्हणून डेलावेअरनं सगळ्यांच्या आधी मंजुरी दिली, ही पुढची गंमत.) न्यूयॉर्कचे तीनपैकी दोन प्रतिनिधी ‘हे आमच्या अधिकारात नाही’ म्हणून जुलैत निघून गेले. काम थांबलं नाही.

आता ३८ राज्यांचा मुद्दा. फॉरवर्डमधला हाच काय तो वजनदार. तेरा राज्यं अडून बसली की दुरुस्ती पडते, हे आजच्या घटनेत लिहिलंय. पण त्या वेळच्या घटनेतही, म्हणजे ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’मध्ये, असंच स्वच्छ लिहिलं होतं: बदलाला तेराच्या तेरा राज्यांची संमती हवी. परिषद बोलावली होती ती ‘केवळ’ त्या आर्टिकल्सच्या फेरतपासणीसाठी. तिनं नवी घटनाच लिहिली आणि त्यात घातलं की नऊ राज्यं पुरेत. ऱ्होड आयलंडनं तर परिषदेला माणूसच पाठवला नव्हता. ते राज्य मे १७९० मध्ये ३४ विरुद्ध ३२ मतांनी आत आलं, तेव्हा वॉशिंग्टनना अध्यक्ष होऊन वर्ष उलटून गेलं होतं. पुन्हा तसंच होईल, असं मी म्हणत नाही. पण देशपातळीवर घटना बदलायला भरलेली परिषद आजवर तेवढी एकच, आणि तिनं मंजुरीचा आकडा स्वतःच बदलला. पुढच्या सगळ्या २७ दुरुस्त्या काँग्रेसनंच सुचवल्या.

शिवाय मंजुरी राज्यांच्या विधिमंडळांकडून घ्यायची की खास भरवलेल्या राज्यपरिषदांकडून, हे काँग्रेस ठरवते. १९३३ मध्ये दारूबंदी उठवताना विधिमंडळांना असंच वगळलं होतं.

‘घटनाकारांनीच दिलेला मार्ग आहे.’ दिलाय, त्या परिषदेतले एक प्रतिनिधी जॉर्ज मेसन यांच्या आग्रहामुळे. आणि १७८८ मध्ये मॅडिसननंच एका पत्रात लिहिलं की पहिल्या परिषदेतल्या अडचणी आणि धोके पाहिल्यावर दुसरीच्या परिणामांचा विचार करूनच थरकाप होतो.

डेलावेअरनं २०१६ मध्ये, मेरीलँड, नेवाडा आणि न्यू मेक्सिकोनं २०१७ मध्ये आपापले जुने अर्ज मागे घेतले. एकदा केलेला अर्ज मागे घेता येतो का, हेही पाचव्या कलमात नाही.