मार्गदर्शन : आण्णा

काल सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो पडला. फोटोत बर्फ, मेपलची झाडं, निळ्या नळ्या आणि कोपऱ्यात वाकलेलं माझं ढुंगण. खाली मजकूर : 'अमेरिकेत जावयाच्या शेतात ठिबक सुरू. मार्गदर्शन : आण्णा.' त्याखाली ओळीनं नमस्कार, गुलाब, आणि मामेसासऱ्यांचं 'आण्णा, साता समुद्रापार झेंडा!' माझं नाव कुठंच नाही. ढुंगण कोणाचं, एवढी चौकशीसुद्धा कोणी केली नाही.

पहिली गोष्ट, ते शेत नाही. व्हर्माँटमध्ये आमच्या घरामागं चढ आहे आणि त्यावर विसेक शुगर मेपल आहेत, एवढंच. दुसरी गोष्ट, ते ठिबक नाही. ठिबकमध्ये पाणी नळीतून झाडाला जातं, इथं झाडातून नळीत येतं. हिवाळा सरता सरता रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा चार-पाच अंश वर असं सुरू झालं की झाडातला रस वाहू लागतो. तो आटवून मेपलचा गोड पाक करतात. खोडाला दीड इंच खोल भोक पाडायचं, तेही आत जाताना किंचित वर चढणारं, म्हणजे रस बाहेर उतरतो. त्यात तोटी ठोकायची. तोटीला हातभर नळी, ती टी (तीन तोंडांचा जोड) लावून लांब नळीला जोडायची, आणि लांब नळी या झाडावरून त्या झाडावर ताणत पायथ्याच्या टाकीत सोडायची. सरळ, ताठ आणि उतरती. कुठं झोळ पडला की तिथं रस साचतो आणि रात्री गोठतो.

ऐकायला सोपं वाटतं. पण टीच्या तोंडाला खाचा असतात, नळी एकदा बसली की निघू नये म्हणून. थंडीत नळी इतकी कडक होते की निघायचं राहू द्या, बसतच नाही. त्यावर इथला इलाज म्हणजे थर्मासमध्ये गरम पाणी न्यायचं, नळीचं टोक त्यात बुडवायचं आणि मऊ झालं की पटकन घुसवायचं. हातमोजे घालून पकड येत नाही, म्हणून ते काढायचे. थोड्या वेळानं आपली बोटं जागेवर आहेत का, हे डोळ्यांनी बघावं लागतं. हाताला काही कळत नसतं.

नेमक्या अशा वेळी बायको फोन घेऊन आली. "आण्णांना दाखवते हं जरा."

आमच्याकडे सकाळचे नऊ, म्हणजे निफाडला संध्याकाळचे साडेसात. आण्णांची द्राक्षबाग आहे. गावात पहिलं ठिबक त्यांनी बसवलं असं ते सांगतात. गावातले आणखी चार जणही हेच सांगतात.

"काय ओ जावईबापू, लॅटरलची नळी टाकताय का?"

"हो आण्णा. म्हणजे तशीच."

"पंप कुठंय?"

"पंप नाही."

"लाइट गेली का?"

"लाइट आहे. पंप लागत नाही. रस वरून खाली येतो."

"आणि फिल्टर? सॅण्ड फिल्टर बसवून घ्या, नाहीतर ड्रिपर चोक होतील."

"ड्रिपर नाहीत आण्णा."

मग थोडा वेळ शांतता. मला वाटलं, कनेक्शन गेलं. मग फोनच्या बाहेर कोणाला तरी हाक : "रामभाऊ, इकडं या. जावई बघा काय करतोय." रामभाऊ आले. त्यांच्यामागून आणखी दोन डोकी आली. आमच्या बर्फावर निफाडचा पार भरला आणि मी गुडघ्यावर बसून तोंडात टी धरलेला.

"सबसिडी किती मिळाली?" रामभाऊ.

"नाही मिळत."

"कागद बरोबर जोडले नसतील. सातबारा जोडला होता का?"

बायको हसत होती. फोन हलत होता. पलीकडून कोणीतरी म्हणालं, नीट धर गं, जावई दिसंना.

"ही नळी किती एमएमची?" आण्णा.

"पाचेक."

"पाच? आम्ही सोळाची टाकतो. दुकानदारानं फसवलं तुम्हाला."

इथं मात्र माझा स्वाभिमान जागा झाला. बारीक नळी मी मुद्दाम घेतली होती. इथं वर्षानुवर्षं सगळे ५/१६ इंची नळी टाकत. मग व्हर्माँट विद्यापीठाच्या टिम विल्मट यांनी दाखवून दिलं की ३/१६ इंची नळी चांगल्या उतारावर टाकली तर ती रसानं पूर्ण भरते आणि त्या रसाच्या वजनानं वरच्या बाजूला आपोआप निर्वात ओढ तयार होते. पंप नको, वीज नको, झाड जास्त रस देतं. हे सगळं मी थंडीनं कापऱ्या आवाजात, मराठीत, हातवारे करून समजावलं.

"म्हणजे सायफन," आण्णा म्हणाले. "मग एवढा वेळ काय सांगत होता?"

पुढची चौकशी उत्पन्नाची. रसात साखर जेमतेम दोन टक्के, त्यामुळं साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर पाक. हे ऐकून पार हादरला. "काकवीच की ही!" रामभाऊ म्हणाले, "आणि तीही चाळिसात एक? आमचा गुऱ्हाळवाला चुलवाण विझवून घरी जाईल." आण्णांचा सल्ला तयार होता : "परवडत नाही. झाडं काढा, थॉमसन लावा." तोटी लावण्याइतकं जाड व्हायला मेपलला चाळीसेक वर्षं लागतात, आणि तापमान उणे पंचवीसपर्यंत जातं, तिथं म्हणे थॉमसनची द्राक्षं.

विषय बदलावा म्हणून मी कॅनडातल्या क्युबेकची गोष्ट काढली. जगातला बहुतेक मेपल पाक तिथला, आणि भाव कोसळू नये म्हणून उत्पादकांच्या संघटनेनं तो पिंपांत भरून साठवून ठेवलेला. २०११-१२ मध्ये चोरांनी त्यातला जवळपास ३ हजार टन लांबवला. किंमत सुमारे १ कोटी ८० लाख कॅनेडियन डॉलर. कोणाला कळू नये म्हणून पिंपांत पाणी भरून ठेवलं. बाकी सगळं समजावताना माझा घसा बसला होता, पण हे पारावर एका क्षणात सगळ्यांना कळलं. "आमच्या डेअरीत रोज होतं," कोणीतरी म्हणालं.

खारी नळ्या कुरतडतात, हे मात्र दोन्हीकडे सारखंच निघालं. तेवढा एक मिनिट आम्ही माणसासारखं बोललो.

मग ऊन वर आलं. वरच्या झाडाच्या तोटीत काहीतरी चमकलं, मग नळीतून रसाचे तुकडे आणि मध्येमध्ये हवेचे बुडबुडे असे एकामागून एक सरकू लागले. पारदर्शक रस, पाण्यासारखाच. टाकीत पहिली धार पडली तेव्हा मी ओरडणार होतो. पण आण्णा आधी ओरडले.

"आलं का नाही! मी म्हणतच होतो, उतार द्या!"

त्यांनी हे एकदाही म्हटलं नव्हतं. त्यांनी पंप लावा म्हटलं होतं. बायकोला विचारलं तर ती म्हणते, जाऊ दे ना, वय झालंय त्यांचं. वय त्यांचं झालंय खरं, पण बोटं माझी फाटलीत. नळी, तोट्या, टी, ड्रिलचं पातं, सगळं माझ्या पैशांनी आणलेलं. पाक आटवायला रात्रभर चुलीपुढं मीच बसणार. आणि ग्रुपवर आता भाचेजावयाचा मेसेज : 'आण्णा, आमच्या डाळिंबाला पण येऊन बघा एकदा.'

आज सकाळी आण्णांचा परत फोन आला. पुढच्या हंगामाला ते स्वतः येणार. सोबत ठिबकचे पंच, ग्रोमेट आणि शंभर एंड कॅप आणणार, कारण 'तुमच्याकडे माल हलका मिळतो'. रामभाऊंचंही मनात आहे. व्हिसाचा अर्ज मी भरायचा. भेटीचं कारण काय लिहू, असं विचारलं, तर म्हणाले, "लिहा, पाइपलाइनचं काम करायला येतोय."

तसं लिहिलं तर व्हिसा मिळणार नाही. अर्ज समोर उघडून बसलोय. अजून काही ठरत नाही.