फुकट शाळा, फुकट दवाखाना आणि वहिनींचा पगार

"सोमवारी सही करून टाकतोय. पब्लिकमधून बाहेर," दादाने जाहीर केलं आणि पिशवीतून विम्याचा अर्ज काढून दाखवला.

म्युनिकमध्ये इझार नदीवरच्या राइशेनबाख पुलाच्या कोपऱ्याला दगडी कठडा आहे. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिथे टेकतो. दादा आणि वहिनी, सत्तावन्न वर्षांचे मास्तर, शिकायला आलेला धाकटा आणि मी. परवा दादाच्या त्या एका वाक्यावर दीड तास गेला. तो वाद इथे लिहून काढतोय, कारण नवीन येणारा जवळपास प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो: 'पब्लिक', म्हणजे सरकारी आरोग्य विम्यात राहावं, की प्रायव्हेट, म्हणजे खासगी विमा घ्यावा?

दादाचं म्हणणं सरळ होतं. जर्मनीत २०२५ साली वर्षाचा पगार ७३,८०० युरोंच्या वर असला, तरच नोकरदाराला सरकारी आरोग्य विमा सोडून प्रायव्हेटमध्ये जाता येत होतं. दादा ती रेषा ओलांडून गेलाय. "महिन्याला ४७१ युरो माझ्या पगारातून जातात, तेवढेच कंपनी भरते. शुश्रूषा विम्याचे वेगळेच. आणि दोन वर्षांत मी डॉक्टरकडे गेलो किती वेळा? एकदा. तेही त्वचेच्या डॉक्टरची टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, साडेतीन महिन्यांनी मिळाली. ऑफिसातल्या प्रायव्हेटवाल्याला त्याच दवाखान्यात पुढच्या आठवड्यातली मिळाली. मी दुप्पट भरायचं आणि रांगेत मागे उभं राहायचं?"

त्याची चीड खोटी नाही. इथे दहातले नऊ जण पब्लिकमध्ये आहेत आणि तज्ज्ञ डॉक्टरची टर्मिन मिळवताना त्यांचा जीव मेटाकुटीला येतो. घरच्या डॉक्टरने तातडीचा कोड घातलेली चिठ्ठी दिली, तर ११६११७ वर फोन करून चार आठवड्यांच्या आत टर्मिन मिळू शकते. मी तसं सांगितलं. पण ही सोय कितीतरी जणांना माहीतच नसते आणि मिळणारा डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला असू शकतो. दादाने ते बरोबर पकडलं.

मास्तर एवढा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी एकतीस वर्षांचा असताना हेच केलं. तब्येत ठणठणीत, लग्न व्हायचं होतं. हप्ता पब्लिकच्या निम्म्याहून कमी. आज तो चौपट झालाय आणि मला परत फिरता येत नाही. पंचावन्न उलटली की पब्लिकचं दार जवळजवळ बंदच. त्याआधीसुद्धा नुसती इच्छा असून भागत नाही, पगार त्या रेषेखाली यावा लागतो."

"पण मास्तर, तुम्हाला डॉक्टर लगेच भेटतात ना?"

"भेटतात. बिल आधी माझ्या नावावर येतं, मग मी ते कंपनीला पाठवतो, मग वाट बघतो. दादा, पब्लिकमध्ये हप्ता पगारावर ठरतो. प्रायव्हेटमध्ये तुझ्या वयावर आणि आत शिरतानाच्या दुखण्यांवर. निवृत्तीनंतर पगार थांबतो, वय थांबत नाही."

इथे माझं मत सांगून टाकतो. सरकारी विम्याला 'फुकट' म्हणणं मला पटत नाही, आणि 'लूट' म्हणणं तर त्याहून नाही. ती वर्गणी आहे. १८८३ साली बिस्मार्कच्या काळात कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला, तेव्हापासून तत्त्व तेच: ज्याला जेवढं जमतं तेवढं त्याने घालायचं आणि ज्याला गरज पडेल त्याने घ्यायचं. माझं ऑपरेशन झालं तेव्हा मी नऊ दिवस दवाखान्यात होतो. घरी बिल आलं ९० युरोंचं, दिवसाला १० प्रमाणे. वर्षाला फार तर २८ दिवसांचे घेतात. त्या बिलाकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. माझे उरलेले पैसे कुणीतरी भरले होते, कदाचित दादासारख्याच धडधाकट माणसाने.

"हे सगळं ठीक," दादा म्हणाला, "पण वर्गणी भरायची ती फक्त नोकरदाराने? बाहेरून आलेल्या माणसाला इथे राहायचंय का, हेच पक्कं नसतं. पाच वर्षांनी दुसऱ्या देशात गेलो तर म्हातारपणाचा हिशोब मी कशाला करू?"

या प्रश्नाला चांगलं उत्तर आमच्याकडे नव्हतं. खरंच जायचं असेल आणि माणूस एकटा असेल, तर प्रायव्हेट स्वस्त पडतं. फक्त मास्तरही पाचच वर्षांसाठी आले होते.

"दादा एकटा नाहीये," वहिनी म्हणाल्या.

त्या आधी बोलल्या असत्या तर वाद केव्हाच वेगळ्या वाटेला लागला असता. वहिनी स्थापत्य अभियंता आहेत, इथे आल्यापासून घरी. दोन मुलं, मोठा चौथीत, धाकटी दुसरीत. "आत्ता आम्ही तिघं याच्या विम्यात एक पैसाही जास्त न भरता आहोत. हा प्रायव्हेटला गेला की आमचा प्रत्येकाचा हप्ता वेगळा."

"अर्धा कंपनी देते की."

"त्यालाही मर्यादा आहे," मास्तर म्हणाले, "तेच ४७१. चौघांचे मिळून."

"आणि उद्या मी नोकरी धरून पब्लिकमध्ये गेले, तरी मुलं माझ्या विम्यात फुकट येणार नाहीत, कारण तुझा पगार त्या रेषेच्या वर आणि माझ्याहून जास्त. पोरगी तापाने पडली तर पब्लिकवाल्या पालकाला एका मुलामागे वर्षाला पंधरा दिवस भरपाईची रजा मिळते. प्रायव्हेटमध्ये ती भरपाई नाही." वहिनींनी सगळं वाचून ठेवलं होतं. दादाने नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

धाकट्याला मध्येच राहवलं नाही. "पण वहिनी, शिक्षण तर खरंच फुकट आहे ना इथे? मी सेमिस्टरला शंभर युरोंच्याही आत भरतो." खरं आहे. पण व्हिसासाठी त्याला खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो अडकवून दाखवावे लागले, म्हणजे महिन्याला ९९२, आणि या शहरात खोलीचं भाडं त्यातला बहुतेक वाटा खातं. शिवाय हे सगळीकडे राहिलेलं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं, आणि याच गावातल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळ्यापासून मास्टर्सला ४,००० ते ६,००० लावलेत. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, २००७ पासून सरसकट सर्वांनाच फी होती. २०१३ च्या जानेवारीत दोन आठवड्यांत दहा टक्क्यांहून जास्त मतदारांनी प्रत्यक्ष जाऊन सह्या केल्या आणि ती रद्द करायला लावली. इथलं फुकट शिक्षण असं भांडून मिळवलेलं आहे. जे मतदार नाहीत त्यांच्यावर फी पुन्हा आधी लागली, हेही ध्यानात घ्यावं.

वहिनी मात्र शाळेवरच होत्या. "शाळेची फी शून्य, पुस्तकं शाळाच वापरायला देते. आणि शाळा सुटते किती वाजता? धाकटीची काही दिवस अकरा वीसला. दुपारच्या सांभाळवर्गात जागा नाही, दोन वर्षं यादीत आहोत. वसंतात मला एका ऑफिसातून तीस तासांची नोकरी आली होती. नाही म्हणून कळवलं. शाळेची फी शून्य आहे, तसा माझा पगारही शून्य आहे."

कुणीच काही बोललं नाही. खाली नदीकाठी पोरं ओरडत होती.

आम्ही खर्चाची चर्चा करतो तेव्हा पगारपत्रकातल्या ओळी मोजतो. वहिनींचा खर्च कोणत्याच ओळीत नाही. त्यातून भर अशी की बिनपगारी जोडीदाराला विमा फुकट, आणि नवरा-बायकोने टॅक्सचा तीन-पाच वर्ग (जास्त कमावणाऱ्याचा कर कमी कापला जातो, कमी कमावणाऱ्याचा जास्त) घेतला की कमी कमावणाऱ्याच्या हातात कर कापून इतकं थोडं पडतं की बाई म्हणते, कशाला जाऊ. पहिलीत येणाऱ्या मुलांना १ ऑगस्ट २०२६ पासून दिवसभराच्या सांभाळाचा कायदेशीर हक्क मिळतोय, मग दरवर्षी एकेक इयत्ता वाढत जाणार. वहिनींची मुलगी तेव्हा तिसरीत असेल. हक्क तिच्या मागून येतोय.

"आणि मोठ्याचं काय," वहिनी म्हणाल्या, "मे महिन्यात निकालपत्र. जर्मन, गणित आणि परिसर, तिन्हींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली आली तर गिम्नाझियुम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, नाहीतर दुसरी शाळा किंवा तीन दिवसांची चाचणी." इथे १ हा सर्वांत चांगला गुण. दहा वर्षांच्या मुलाची वाट इतक्या लवकर ठरते. मागाहून रेआलशुलेतून, म्हणजे मधल्या पातळीच्या शाळेतून, वर जायचे रस्ते आहेत, खूप मुलं त्याने जातात. तरी घरात जर्मन न बोलणाऱ्या मुलासाठी ते दशांश चिन्ह फार जड असतं. मग शिकवणी लावायची, नाहीतर आईने रोज दुपारी समोर बसायचं. वहिनी बसतात. स्वतःचं जर्मन त्या मुलाच्या पुस्तकांतूनच शिकल्या.

मास्तरांनी अर्जाचं पाकीट मागून घेतलं आणि पाठीमागे आकडे मांडायला सुरुवात केली. दादाचा हप्ता, वहिनींचा, दोन मुलांचे. वजा कंपनीचा वाटा. दादा वाकून बघत होता. मास्तर थांबले तेव्हा त्याने पेन घेतलं, खाली आणखी एक ओळ ओढली, आणि लिहायच्या आधी वहिनींना विचारलं, "ते तीस तासांचं ऑफिस. पुन्हा विचारलंस तर?"

"विचारलंय," वहिनी म्हणाल्या. "मंगळवारी दहाला बोलावलंय. मुलांना त्या दिवशी तू आणायचंस."